जुन्या पटाशीचं पाणी

झिजून बोटभर उरलेली पटाशी भंगारात किलोवर जाते, आणि एखादा हौशी तीच चढ्या भावानं उचलतो. हा नुसता आठवणींचा ओढा नव्हे.

जुने लोहार बहुधा महागडं पोलाद धारेपुरतंच लावत. बाकी अंग मऊ लोखंडाचं, ठोकून एकजीव केलेलं. ही धार सुमारे ७८० अंशांपर्यंत तापवून पाण्यात बुडवली की आतल्या कार्बनला निसटायला वेळच मिळत नाही, तो लोखंडाच्या जाळीत अडकतो. हेच धारेला पाणी देणं. धार कडक होते, पण ठिसूळही. म्हणून ती पुन्हा हलकेच तापवायची. २२० अंशांच्या आसपास पिवळसर झाक दिसली की थांबायचं. लोहाराचा थर्मामीटर तोच!

पोलादासाठी गाजावं असं एक गाव, कोनासमुद्रम, गोदावरीच्या दक्षिणेला निजामाबाद जिल्ह्यात आहे. तिथे मुशीत वुट्झ पोलाद बनायचं. अशा पोलादात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास. ते न्यायला इराणी व्यापारी येत. अशा पोलादातून घडलेल्या दमास्कसच्या तलवारींचं नाव झालं, कोनासमुद्रमचं नाही, हे मला खटकतं. हेन्री व्हॉयसीनं तिथली कृती टिपली. ती १८३२ साली एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली. हे पोलाद घडवायला मात्र अवघड. जास्त तापलं की घणाखाली फुटतं.

जुनं हत्यार मिळालं तर गंज व्हिनेगरमध्ये भिजवून काढा, मग लगेच धुऊन, पुसून तेल लावा. ग्राइंडर टाळा: धार निळी पडली म्हणजे ती ३०० अंशांवर गेली, पाणी उतरलं. मग पुन्हा भट्टी.