नवी क्लच प्लेट, जुने फ्लायव्हील?

देवळाली कॅम्प परिसरातून भाजीपाला, द्राक्षे घेऊन मुंबईला निघालेली गाडी कसारा घाट उतरते. परतताना खत-सिमेंट भरून तोच घाट तिला चढावा लागतो. क्लचचा कस लागतो तो या चढावर, त्यातही वाहतूक तुंबली की. भरलेली गाडी वारंवार हाफ क्लचवर उचलली की प्लेट घसरते, तापते, झिजते. ही उष्णता एकट्या प्लेटला सोसावी लागत नाही. प्लेट एका बाजूने प्रेशर प्लेटला घासते, तर दुसऱ्या बाजूने फ्लायव्हीलला. म्हणूनच १९८६ साली आलेल्या टाटा ४०७ सारख्या जुन्या गाडीत फ्लायव्हील न तपासता नुसती प्लेट बदलणे ही बचत नव्हे, पुढच्या खर्चाची तजवीज आहे.

चार सिलिंडरच्या इंजिनाला दर फेऱ्यात दोनच धक्के मिळतात. त्यांमधला खंड भरून गती एकसारखी ठेवणे हे जड फ्लायव्हीलचे काम. त्याच्या तोंडावर निळसर डाग, बारीक भेगा किंवा खोबण असेल, तर नवी प्लेट सगळीकडे टेकत नाही. गाडी उचलताना थरथरते आणि प्लेट लवकर जाते. डाग उथळ असल्यास ग्राइंडिंग पुरते. भेगा खोल असतील किंवा जाडी कंपनीने दिलेल्या मापाखाली गेली असेल, तर नवे फ्लायव्हीलच घ्यावे. फक्त रिंग गिअरचे दात झिजले असतील, तर बहुधा नुसती रिंग बदलता येते. काही फ्लायव्हीलांत क्लच कव्हर वेगळ्या पायरीवर बसते. तिथे दोन्ही पृष्ठभाग सारखेच घासले नाहीत, तर प्रेशर प्लेटचा दाब बिघडतो. रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि क्रँकचे मागचे ऑइल सीलही त्याच वेळी तपासावे. गळक्या सीलचे तेल प्लेटवर आले की सगळाच खर्च वाया जातो.

जुन्या गाडीवर इतके पैसे कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पण गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी प्रत्येक वेळी तेवढीच, शिवाय हंगामात गाडी उभी राहते. फ्लायव्हील सपाट आणि मापात असेल, तर ते मुळीच बदलू नये. ‘जास्त दमदार’ क्लच बसवण्याचा सल्लाही तपासून घ्यावा. कडक स्प्रिंगने पेडल जड होते, आणि जादा भार किंवा हाफ क्लचची सवय त्याने सुटत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्सचे मॉडेल, प्लेटचा व्यास, स्प्लाइनची संख्या जुळवूनच सेट घ्यावा. त्याआधी फ्लायव्हील स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे आणि माप मागावे. तोवर प्लेटचे पैसे देऊ नयेत.