चाकू लागला की कॅन्सर पसरतो?

फुप्फुसात गाठ निघाली की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "ऑपरेशन नको, चाकू लागला की पसरतो." बोलणारा काळजीपोटीच बोलतो. पण चाकूनं किंवा हवा लागल्यानं हा कॅन्सर पसरत नाही. सीटी स्कॅन नव्हते तेव्हा कित्येकदा छाती उघडल्यावरच कळायचं, की आजार आधीच पसरलाय. सर्जन काही न काढता टाके घालायचे, पेशंट काही महिन्यांत जायचा आणि दोष चाकूवर यायचा. आता आधी स्कॅन, मग बायोप्सी आणि गाठ पूर्ण निघण्याजोगी असेल तरच ऑपरेशन.

खरा घात उशिरानं होतो. आपल्याकडे एक्स-रेवर डाग दिसला की पहिला संशय टीबीचा. बेडक्यात जंतू सापडले नसतानाही कधीकधी औषधं सुरू होतात आणि गाठ वाढत राहते. औषधं घेऊनही डाग हटत नसेल तर बायोप्सीबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

दुसरी भीती, "फुप्फुस काढलं की माणूस अंथरुणाला खिळतो." १९३३ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस इथं डॉ. एव्हार्ट्स ग्रॅहॅम यांनी कॅन्सरसाठी एका पेशंटचं अख्खं डावं फुप्फुस काढलं. तो पेशंट स्वतः डॉक्टर होता. त्यानंतर तो जवळपास तीस वर्षं जगला. ग्रॅहॅम मात्र १९५७ मध्ये फुप्फुसाच्याच कॅन्सरनं गेले. ते सिगारेट ओढत असत.

आज अख्खं फुप्फुस क्वचितच काढावं लागतं. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड असतात, डाव्याचे दोन; बहुतेकदा त्यातला एक काढतात आणि उरलेला भाग फुगून बरीचशी जागा भरतो. गाठ दोन सेंटिमीटरपर्यंत आणि कडेला असेल, तर निवडक पेशंटमध्ये खंडाचाही छोटा भाग पुरतो, हे अलीकडच्या जपानी आणि अमेरिकी चाचण्यांनी दाखवलंय. दुर्बिणीचं ऑपरेशन अर्धवट असतं, हेही खरं नाही. त्यातही तोच खंड आणि त्याच लसीकाग्रंथी निघतात. कापलेला खंड आत पिशवीत भरून तीन-चार सेंटिमीटरच्या छेदातून ओढून घेतात. फासळ्या फाकवाव्या लागत नाहीत, म्हणून दुखणं कमी.

हृदयाबाबत गैरसमज उलट्या दिशेचा आहे. "बायपास झाली, ब्लॉकेज गेलं" असं मानून लोक वर्षभरात गोळ्या सोडतात, तंबाखू पुन्हा सुरू करतात. बायपासमध्ये ब्लॉकेज काढतच नाहीत. छातीच्या आतली धमनी किंवा पायाची शीर जोडून रक्ताला नवी वाट देतात. छातीतली धमनी दहा वर्षांनंतरही बहुतेकांत चालू असते. पायाची शीर त्यामानानं लवकर बुजते. आजार तिथंच असतो, म्हणून अ‍ॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी सहसा कायमची.

आणि "स्टेंट टाका, कशाला कापाकापी" हेही सरसकट खरं नाही. मधुमेह असून एकाहून जास्त धमन्या तुंबलेल्या असतील, तर बायपास झालेले पेशंट जास्त जगले, हे २०१२ च्या मोठ्या चाचणीत दिसलंय. अशा वेळी अँजिओग्राफीच्या टेबलावरच स्टेंटला होकार देण्याआधी, तातडी नसेल तर, हार्ट सर्जनचं मत घेता येतं.