हळदीचा गड्डा आणि परिसर अभ्यासाचे तीस गुण

हळद हे मूळ की खोड, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक विद्यार्थी पाठ करून देतात. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे हिंगोली जिल्ह्यातल्या पोरांना तरी नमुन्यासाठी प्रयोगशाळा गाठायची गरज नाही. काढणीनंतर जेठे गड्डे, बगल गड्डे आणि हळकुंडं निवडून वेगळी करतात. त्यातलं एक ओलं हळकुंड समोर ठेवून पेन्सिलीनं काढायला घेतलं, की आडवी वळी दिसू लागतात, ती पेरं. पेरांवर सुकलेले खवले, ती पानं. खवल्याच्या बगलेत डोळा. खालच्या तंतुमुळांवर यातलं काहीच नसतं. दोन वळ्यांत अंतर किती ठेवायचं हे ठरवताना हळकुंड दहादा पाहावं लागतं आणि त्या पाहण्यातूनच ते खोड असल्याचा पुरावा हाती येतो. जीवशास्त्र, चित्रकला आणि अध्यापक प्रशिक्षण यांची आपण तीन दालनं केली असली, तरी प्राथमिक शिक्षकाच्या हातात ते एकच काम असतं.

ही फारकत जुनी आहे. मुंबईत १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेनं पुढे चित्रकला शिक्षक घडवायला घेतले, पण ते एका विषयाचे शिक्षक. हिंगोली तर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, म्हणजे मुंबईच्या या व्यवस्थेबाहेरच. वेगळी वाट दिसली ती गांधीजींच्या सेवाग्रामला. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले देवी प्रसाद १९४४ मध्ये तिथे आले आणि नई तालीम या हस्तव्यवसायातून शिकवणाऱ्या पद्धतीच्या शाळेतल्या मुलांना कला शिकवू लागले. १९६२ मध्ये युद्धविरोधी चळवळीच्या कामासाठी ते लंडनला गेले. शिक्षणाच्या इतिहासात त्यांना जेमतेम दोन ओळी मिळतात. कला हा शिक्षणाचा पायाच आहे, हा त्यांचा आग्रह मात्र आजच्या नियमांपुढे ठेवून पाहावा.

डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेला कोणत्याही शाखेचा बारावी उत्तीर्ण चालतो. अनेकांचं जीवशास्त्र दहावीच्या विज्ञानातच संपलेलं असतं. शिक्षक पात्रता परीक्षेच्या (टीईटी) पहिल्या पेपरात १५० पैकी ३० गुण परिसर अभ्यासाला, तेही पर्यायी प्रश्नांचे, रेषेला शून्य. शिक्षण हक्क कायद्यानुसार कलेचा अंशकालीन शिक्षक मिळतो तो सहावी ते आठवीची पटसंख्या शंभरावर असेल तरच. वाडी-तांड्यावरच्या दोनशिक्षकी शाळेत हा भार गुरुजी-बाईंवरच पडतो.

डी.एल.एड.मध्ये कलाशिक्षण आहेच, असं कुणी म्हणेल. आहे, पण शेजारच्या खोलीत. परिसर अभ्यासाच्या पाठाशी त्याची गाठ घालून देणारं कुणी नाही. मुलांना धड वाचता येत नाही तिथे चित्रांचे लाड कशाला, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण स्वतः काढलेल्या आकृतीला नावं देणं हेही लेखनवाचनच, आणि ते समजून केलेलं. मोबाइलवरचा फोटो रेषेची जागा घेऊ शकत नाही, कारण तो न पाहताही काढता येतो. राहिला उपजत हाताचा प्रश्न. इथे सुबकपणा नकोच आहे. वाकडं हळकुंड चालेल, चुकलेलं पेर चालणार नाही. खरी अडचण पुस्तकातली आकृती वहीत उतरवून घेण्याच्या सवयीची आहे. नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार २०३० पर्यंत शिक्षकासाठी चार वर्षांची एकात्मिक पदवी किमान पात्रता ठरायची आहे. तिच्या सराव पाठांत प्रत्यक्ष वस्तूवरून काढलेल्या आकृत्यांना गुण दिले नाहीत, तर डी.एल.एड.च्या तुलनेत वर्षं दुप्पट होतील आणि घोकंपट्टीही.