शकवर्षाचा नियम कोठे ठेवावा?
प्रतिमान, दर्शन आणि नियंत्रक यांच्या विभागणीविषयी

वेब अनुप्रयोग रचण्यासाठी आज जी फ्रेमवर्क प्रचारात आहेत, त्यांपैकी अनेकांची मांडणी मॉडेल, व्ह्यू आणि कंट्रोलर या त्रयीवर आधारलेली आहे. प्रस्तुत लेखात त्यांस अनुक्रमे प्रतिमान, दर्शन व नियंत्रक असे म्हटले आहे. फ्रेमवर्कच्या आज्ञा विद्यार्थी थोड्या दिवसांत आत्मसात करतो. परंतु कोणता नियम कोणत्या भागात ठेवावयाचा, हा विवेक आज्ञांच्या पाठांतराने येत नाही. तो कसा करावा, हे खानदेशातील एका उदाहरणाच्या आधारे दाखविण्याचा येथे हेतू आहे.

ही कल्पना वेबच्या आधीची आहे. नॉर्वेचे ट्रिग्वे रेन्स्काउग यांनी १९७९ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात असताना स्मॉलटॉक प्रणालीच्या संदर्भात ती मांडली. एकच माहिती अनेक रूपांनी पाहता यावी आणि रूप बदलले तरी माहितीच्या मुळास धक्का लागू नये, हा तिचा गाभा होय. पुढे रेल्स (२००४), जँगो (२००५), लाराव्हेल (२०११) इत्यादी फ्रेमवर्कनी तिला वेबच्या व्यवहारात आणले.

आता उदाहरणाकडे वळू. धुळे येथे इतिहासाचार्य राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७ साली स्थापन झालेले राजवाडे संशोधन मंडळ आहे. समर्थ वाग्देवता मंदिरही त्याच नगरीत आहे. अशा संग्रहांतील हस्तलिखितांची सूची वेबवर आणण्याचे काम जळगावच्या विद्यापीठातील एखाद्या विद्यार्थ्याने हाती घेतले, अशी कल्पना करू. वाचक एखाद्या पोथीची नोंद मागतो. ती मागणी नियंत्रक स्वीकारतो व प्रतिमानाकडे पृच्छा करतो. प्रतिमान माहितीकोशातून नोंद काढून देते. दर्शन तिला पानाचे रूप देते. येथवर सर्व सरळ आहे.

अडचण लेखनकाळापाशी येते. पोथीच्या पुष्पिकेत काळ शकात दिलेला असतो. वाचकास इसवी सनही हवा असतो. विद्यार्थी दर्शनाच्या साच्यातच ‘शक अधिक ७८’ असे लिहून मोकळा होतो. शिवराज्याभिषेक शके १५९६ च्या ज्येष्ठात झाला. ७८ मिळविल्यास १६७४ येते आणि ते बरोबर आहे. परंतु शिवजन्माची मिती शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. येथे ७८ मिळविल्यास १६२९ येते; वास्तविक तो दिवस त्या वेळच्या ज्यूलियन गणनेने १९ फेब्रुवारी १६३० होय. त्या काळापुरते पाहता, सामान्यतः चैत्र ते मार्गशीर्ष या मासांस ७८ आणि माघ-फाल्गुनास ७९ मिळवावे लागतात. पौषात वर्षपालट होत असल्याने तिथी पाहिल्यावाचून निर्णय होत नाही.

चूक ध्यानी आल्यावर विद्यार्थी तो साचा दुरुस्त करतो. पण हेच गणित यादीच्या पानात, मुद्रणाच्या पानात आणि शोधाच्या नियंत्रकातही उतरलेले असते. परिणामी एकाच पोथीस एका पानावर १६३० आणि दुसऱ्यावर १६२९ हे वर्ष लाभते. संशोधक यांपैकी एक उद्धृत करतो, आणि एका साच्यातील चूक ग्रंथांच्या तळटिपांत जाऊन बसते.

याचे कारण एवढेच की, शक आणि सन यांचा संबंध हा दाखविण्याचा विषय नसून जाणण्याचा विषय आहे. त्याचे स्थान प्रतिमानात, आणि तेही एकाच ठिकाणी. तेथेच दुसरा नियमही शोभतो. दक्षिणेकडील गणनेत शकात १२ मिळवून ६० ने भागल्यास उरणारी बाकी प्रभवादी संवत्सराचा अनुक्रम देते. बाकी शून्य आल्यास साठावा क्षय संवत्सर समजावा. १५९६ वरून ४८, म्हणजे आनंद. १५५१ वरून ३, म्हणजे शुक्ल. पुष्पिकेतील संवत्सर याशी जुळत नसेल, तर प्रतिमानाने नोंदीवर शंकेची खूण करावी; नोंद मात्र नाकारू नये, कारण चूक लेखनिकाचीही असू शकेल. मूळ पाठ जसाच्या तसा जपावा आणि इसवी सन त्यावरून काढलेला म्हणूनच वेगळा ठेवावा.

नियंत्रकाचे काम मागणी समजून घेणे व योग्य ठिकाणी पोचविणे, एवढेच. दर्शनाने अंक देवनागरीत दाखवावेत की रोमीत, हे ठरवावे. वर्ष कोणते, हे ठरवू नये.

परिभाषेविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. जँगोत ज्यास ‘व्ह्यू’ म्हणतात, ते बव्हंशी नियंत्रकाचे कार्य करते व दर्शनाचे काम ‘टेम्प्लेट’कडे असते. तेव्हा नावावर न जाता कार्य पाहावे. तीन स्वतंत्र फोल्डर झाले म्हणजे विभागणी झाली, हाही भ्रमच होय.

विद्यार्थ्याने स्वतःस दोन प्रश्न विचारावेत. एकही पान न उघडता हा नियम तपासता येईल काय? उद्या पडद्याऐवजी छापील सूची काढावयाची झाल्यास हा नियम पुन्हा लिहावा लागेल काय? पहिल्याचे उत्तर होकारार्थी व दुसऱ्याचे नकारार्थी आले, म्हणजे नियम आपल्या जागी आहे असे समजावे. फ्रेमवर्क काही वर्षांनी बदलतात. शके १५५१ चा फाल्गुन मात्र १६३० सालीच राहणार आहे. जे टिकणारे आहे ते बदलणाऱ्यापासून अलग ठेवणे, हेच या त्रयीचे खरे शिक्षण होय.