नॉब फिरतो, काटा जागेवरच!

पन्नास-साठ वर्षांचा जुना हॅम रेडिओ. व्हॉल्व्ह तापलेत, स्पीकर खरखरतोय, नॉब गरागरा फिरतोय. पण डायलचा काटा ढिम्म! सोल्डरिंग आयर्न बाजूला ठेवा आणि आधी रबर बघा.

रेडिओत रबर कशाला? गिअरच्या दात्यांत जराशी ढिलाई असतेच. नॉब उलटा फिरवला की आधी ती भरून निघते, मग काटा हलतो. रबर चढवलेला दांडा मोठ्या चकतीच्या कडेला दाबून बसवला की ही कटकट मिटते. रबरासकट दांडा 6 मिलिमीटरचा आणि चकती 60 ची असेल, तर नॉबच्या दहा फेऱ्यांत चकतीची एक फेरी होते. ही सावकाशी हवीच, कारण एसएसबी (सिंगल साइडबँड) प्रसारणावर शे-दोनशे हर्ट्‌झ सरकलात तरी समोरचा बदकासारखा बोलू लागतो! 'नॅशनल' कंपनीच्या एचआरओ रिसीव्हरने 1935 मध्ये गिअरचाच मार्ग धरला आणि डायलवर 0 ते 500 आकडे दिले. देखणं काम, पण महागडं.

चार्ल्स गुडइयरने 1839 मध्ये गंधक घालून रबर टिकाऊ केलं. अमर मात्र नाही. काही रबरं दगड होतात, काही काकवीसारखी चिकट. हवेतला ओझोनही वैरीच: दहा कोटी भागांत त्याचे मोजके भाग असले, तरी ताणलेल्या रबराला आडव्या चिरा पडतात. ताणलेलं रबर आधी जातं ते म्हणूनच.

नावांची गंमत पाहा. हॅम मंडळींचे लाडके 'कॉलिन्स' सेट आर्थर कॉलिन्सचे. आणि नैसर्गिक रबरापेक्षा ओझोनला चिवट असलेलं निओप्रीन 1930 मध्ये ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत ज्याच्या हाती लागलं, तो अर्नोल्ड कॉलिन्स!

आज डायलच्या दुरुस्तीत सर्रास चालते ती ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी. नील्स ख्रिस्तेन्सेनने तिच्या अमेरिकी पेटंटसाठी 1937 मध्ये अर्ज केला, तेव्हा त्याने सत्तरी ओलांडली होती.

रिंग घेताना आतला व्यास दांड्यापेक्षा किंचित कमीच घ्या, म्हणजे ती घट्ट बसते. जुना चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पेट्रोल नको, रबर फुगतं. दांडा सुटतच नसेल तर रिंग ब्लेडने तिरकी कापायची, दांड्याभोवती गुंडाळायची आणि दोन्ही टोकं सुपरग्लूच्या एका थेंबाने जोडायची. काप तिरका असला की जोड जास्त जागेवर चिकटतो आणि फिरताना ठेच लागत नाही.

आणि ओ-रिंग मिळेपर्यंत? सायकलवाल्याकडची वालट्यूब! मी दीड सेंटिमीटरचा तुकडा कापला, थुंकी लावून दांड्यावर सरकवला आणि नॉबला बोट लावलं. काटा 7.050 मेगाहर्ट्‌झवरून निघाला आणि एकही हिसका न देता 7.060 वर गेला. मग मी तो उगीचच चार वेळा मागेपुढे नेला.