न बोलणारे बिघाड

छोट्या ऑफिसची संगणक व्यवस्था : लेखांक ७

मागच्या लेखांकात आपण आठ-दहा माणसांच्या सीए ऑफिसात फाइल सर्व्हर बसवला : चार डिस्कचं नॅस, प्रत्येकाचं स्वतंत्र लॉगिन, टॅलीचा डेटा, रिटर्न आणि स्कॅन केलेले कागद यांच्यासाठी वेगवेगळी फोल्डरं. आता तो चालू आहे, आणि चालू असलेल्या सर्व्हरकडे कोणी वळून पाहत नाही. फाइल उघडते आहे म्हणजे सगळं ठीक आहे, अशी सर्वांची समजूत होते. ही समजूत धोक्याची आहे, कारण सर्वांत महाग पडणारे बिघाड फाइली व्यवस्थित उघडत असतानाच वाढत जातात.

याचं एक प्रसिद्ध उदाहरण गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीचं. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथे एका कर्मचाऱ्याच्या हातून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला गेला. बॅकअपच्या पाच पद्धती कागदावर होत्या. ऐनवेळी एकही भरवशाची निघाली नाही. रोजचा बॅकअप सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या जुळत नसल्यामुळे तयारच होत नव्हता. तसं कळवणारे ईमेल निघत होते, पण मेल सर्व्हर ते नाकारत होता, म्हणून कोणाला पत्ता नव्हता. सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेली एक प्रत मिळाली म्हणून बाकीचं वाचलं. कंपनीने हा सगळा तपशील स्वतः प्रसिद्ध केला. छोट्या ऑफिससाठी त्यातला धडा असा की सर्व्हर आपणहून सांगेल यावर विसंबू नका. ठरलेल्या दिवशी त्याला विचारा.

दर आठवड्याला : डिस्क

आपण रेड ५ पद्धतीने डिस्क जोडल्या आहेत. त्यामुळे चारपैकी एक डिस्क बंद पडली तरी काम चालू राहतं. ही सोय आहे आणि धोकाही. पहिली डिस्क गेल्याचं कोणाच्या लक्षात आलं नाही आणि दुसरी गेली, तर सगळाच डेटा जातो. म्हणून दर शनिवारी नॅसचं पान उघडून चारही डिस्क चालू असल्याची खात्री करा.

तिथेच प्रत्येक डिस्कची ‘स्मार्ट’ माहिती दिसते. त्यातले तीन आकडे टिपून ठेवा. क्रमांक ५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचताना अडखळलेले आणि निर्णयाची वाट पाहणारे, १९८ म्हणजे तपासणीत दुरुस्त न झालेले. हे शून्य असावेत. एखादा आकडा थोडा असून स्थिर राहिला तर लक्ष ठेवा. आठवड्यागणिक वाढू लागला तर डिस्क बंद पडण्याची वाट न पाहता बदला. क्रमांक १९९ वाढत असेल, तर आधी केबल तपासा. दोष बहुतेकदा तिथेच असतो.

नवी डिस्क घातली की उरलेल्या तिन्ही डिस्क पूर्ण वाचून तिचा मजकूर पुन्हा तयार केला जातो. सेकंदाला १५० एमबी या वेगाने ४ टीबीला सात तासांहून अधिक लागतात. ऑफिसचं काम चालू असेल तर आणखी किती तरी. उरलेल्या डिस्कवर लपलेला खराब सेक्टर नेमका अशा वेळी आडवा येतो. तो आधीच सापडावा म्हणून महिन्यातून एकदा ‘डेटा स्क्रबिंग’ चालवायचं. डेबियन लिनक्समध्ये दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अशी तपासणी आपोआप होते. नॅसमध्ये मात्र वेळापत्रक लावलेलं आहे ना, हे पाहून घ्या.

दर महिन्याला : सूचना, अपडेट, लॉगिन

नॅसमधून चाचणीचा ईमेल पाठवा आणि तो खरोखर पोहोचला का ते पाहा. सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर सूचना जात असतील, तर त्या असून नसून सारख्याच. आर्टिकलशिप संपवून गेलेल्यांची लॉगिन त्याच दिवशी बंद करा.

अपडेट पुढे ढकलू नका. १२ मे २०१७ रोजी जगभर पसरलेला वॉनाक्राय हल्ला विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या जुन्या पद्धतीतल्या, म्हणजे एसएमबी १ मधल्या त्रुटीतून आत शिरला. मायक्रोसॉफ्टने त्यावरचा उपाय १४ मार्चलाच दिला होता. ज्यांनी दोन महिन्यांत तो लावला, ते त्या मार्गाने होणाऱ्या लागणीतून वाचले. आजही अनेक ठिकाणी एसएमबी १ चालू ठेवलेलं असतं, कारण जुनं झेरॉक्स मशीन स्कॅन केलेला कागद दुसऱ्या मार्गाने सर्व्हरवर टाकू शकत नाही. अशा मशीनला ईमेलने स्कॅन पाठवायला लावा आणि एसएमबी १ बंद करा.

वर्षातून दोनदा : वीज आणि धूळ

यूपीएसमधली बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं टिकते, आणि खोली तापली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. रात्री एसी बंद होणाऱ्या बंद खोलीत हे विशेष जाणवतं. यूपीएस आणि सर्व्हर यांच्यामध्ये यूएसबी केबल जोडलेली हवी, म्हणजे लाइट गेल्यावर सर्व्हर स्वतःला नीट बंद करतो. ताजा बॅकअप घेऊन, सगळे घरी गेल्यावर यूपीएसचा प्लग काढा आणि तसं घडतं का ते पाहा. पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीच्या सफाईत पंख्यांवरची धूळ काढा.

सर्वांत महत्त्वाचं : बॅकअप परत आणून पाहणं

रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल चारही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. खंडणीखोर व्हायरसने कुलूपबंद केलेली फाइलही तशीच सगळीकडे कुलूपबंद होते. म्हणून डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक ऑफिसबाहेर, हा नियम पाळा. बाहेरच्या डिस्क दोन ठेवा आणि आलटून पालटून वापरा. बॅकअप झाला की डिस्क काढून घ्या. जोडलेली राहिली तर व्हायरस तिच्यावरही पोहोचतो.

टॅलीत एका कंपनीचा डेटा म्हणजे अनेक फाइलींचं एक फोल्डर. टॅली चालू असताना त्याची प्रत घेतली तर काही फाइली आधीच्या आणि काही नंतरच्या होऊ शकतात. बॅकअपची वेळ ऑफिस सुटल्यानंतरची ठेवा.

महिन्यातून एकदा एका क्लायंटचा डेटा बॅकअपमधून वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवा, टॅलीत उघडा आणि ट्रायल बॅलन्स त्या तारखेच्या छापील प्रतीशी ताडून पाहा. फोल्डर दिसतं एवढ्यावर समाधान मानू नका.

तुमचे क्लायंट कंपन्या असतील तर हा कायद्याचाही प्रश्न आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये बदललेल्या नियमांनुसार इलेक्ट्रॉनिक हिशेबांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवावा लागतो, आणि कंपनी कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे हिशेबाची पुस्तकं किमान आठ आर्थिक वर्षं जपावी लागतात. एकच डिस्क आठ वर्षं टिकेल असं धरून चालता येत नाही.

या सगळ्याची नोंद एका साध्या वहीत ठेवा : तारीख, काय पाहिलं, आकडे, पाहणाऱ्याची सही. काम एका माणसाकडे सोपवा आणि तो रजेवर असताना कोण पाहणार तेही ठरवा. पुढच्या लेखांकात आपण फोल्डरांच्या परवानग्या पाहू. तोवर, येत्या शनिवारी बाकी काही जमलं नाही तरी बॅकअपमधली एक फाइल परत आणून उघडून पाहा. ती उघडली नाही, तर आज तुमच्याकडे बॅकअप नाही, असंच समजा आणि त्याच दिवशी दुरुस्तीला लागा.