एका पानाचं त्रैराशिक

'एकट्या जिवाला असं लागतं तरी काय?' हे वाक्य आपल्याकडे सहानुभूतीनं उच्चारलं जातं, आणि ऐकणाराही ते तशाच अर्थानं घेतो. त्याचं जुळं भावंड म्हणजे 'एकटीसाठी कुठे घाट घालायचा?' पहिलं वाक्य लोक बोलतात, दुसरं आपण स्वतःशी बोलतो. दोन्हींचा परिणाम रात्री साडेआठच्या सुमारास स्वयंपाकघरात दिसतो. सकाळची उरलेली पोळी, कपभर चहा, फार तर दूधभात. दुपारचं जेवण पोळ्यांच्या बाई येऊन गेलेल्या असतात म्हणून, किंवा घड्याळाच्या सवयीनं का होईना, होऊन जातं. खरी परीक्षा रात्रीची असते. त्या वेळी कुणी येणार नसतं आणि काय जेवलात म्हणून विचारणारंही कुणी नसतं.

मराठी घरात स्वयंपाकाला लागण्यापूर्वी एक प्रश्न ठरलेला असायचा : 'आज पानं किती?' उत्तर सहा असेल, नऊ असेल, सणावारी वीसही असेल. 'एक' हे उत्तर त्या प्रश्नाला कधी अपेक्षितच नव्हतं. आपली पाकपुस्तकंही ह्याच घरांतून जन्माला आली. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं. 'अंदाजानं घाला' ह्या सल्ल्याच्या जागी त्यांनी वाटी आणि चमच्याचं माप दिलं, आणि नव्यानं संसार मांडणाऱ्या हजारो मुलींची सोय झाली. त्या पुस्तकाचे उपकार माझ्यावरही आहेत. पण त्यातली वाटी भरल्या घरातली आहे. आज मोबाइलवर पाककृती दाखवणारी मंडळीसुद्धा 'चार जणांसाठी' अशीच सुरुवात करतात. एकट्या माणसानं मग शाळेत शिकलेलं त्रैराशिक मांडायचं : चार माणसांना दोन वाट्या, तर एकाला किती?

तीस-पस्तीस वर्षं बँकेत आकडे जुळवल्यानंतर मी ठामपणे सांगते की स्वयंपाकघरात त्रैराशिक सगळीकडे चालत नाही. कुठे चालत नाही ते कळलं, की एकट्याचा स्वयंपाक निम्मा सोपा होतो.

भाताचंच घ्या. गॅसवर पातेल्यात तीन वाट्या तांदळाला सहा वाट्या पाणी पुरत असेल, तर अर्ध्या वाटीला एक वाटी पुरायला हवं. पुरत नाही. तांदूळ कमी केला म्हणून त्याला शिजायला लागणारा वेळ त्या मानानं कमी होत नाही, आणि तेवढ्या वेळात पातेल्याच्या तोंडातून वाफ जायची ती जातेच. थोड्या पाण्यातून गेलेली ती वाफ हिशेबात फार मोठी ठरते. म्हणून थोड्या भाताला पाणी प्रमाणापेक्षा जास्त. कुकरमध्ये मात्र वाफ होते ती तळाच्या पाण्याची, डब्यातलं पाणी डब्यात राहतं. तिथे त्रैराशिक बिनचूक चालतं. मूठभर डाळ एका वाटीत, अर्धी वाटी तांदूळ दुसऱ्या डब्यात, वर एक बटाटा. एकाच वाफेवर तीन गोष्टी होतात.

फोडणीचं उलटं आहे. चौघांच्या भाजीला दोन चमचे तेल, म्हणून एकाला अर्धा चमचा, असा हिशेब करून ते मोठ्या कढईत ओतलं तर तळाला नुसतं पुसल्यासारखं लागतं. मोहरी तडतडण्याआधीच करपते. त्यावर इलाज म्हणजे आजीच्या काळातली लोखंडी पळी. ती जरा तिरकी धरली की अर्धा चमचा तेलही मोहरी बुडण्याइतकं खोल होतं. मिक्सरचंही तसंच. दोन चमचे ओलं खोबरं आणि एक मिरची मोठ्या भांड्यात टाकली तर ती भिंतीला जाऊन चिकटतात आणि पातं मध्ये रिकामं गरगरत राहतं. एकट्या माणसानं दगडी खलबत्ता विकू नये.

काही पदार्थ भागाकाराला सरळ नकारच देतात. पुरणपोळी एकट्यासाठी होत नाही. होते, पण करू नये. ती करायची तर चार घरी पोहोचवण्यासाठी. तळणाचंही मला पटत नाही, कारण चार भज्यांपायी कढईभर तेल उरतं आणि ते पुढचे आठ दिवस आपल्याला मोहात पाडतं. उलट काही पदार्थ जणू एकट्या माणसासाठीच निघाले आहेत. थालीपीठ, धिरडं, पिठलं, ताकातली उकड. आपण त्यांना अडीअडचणीचे पदार्थ म्हणून खालच्या पंगतीला बसवलं, हा त्यांच्यावर अन्याय आहे.

नव्या पदार्थांची गोष्ट इथूनच सुरू होते. एकट्या माणसानं रोज नवं काही करून पाहणं म्हणजे चोचले, असा समज आहे. कोबीचा एक गड्डा घरात आणून पाहा. चौघांच्या घरात तो एका जेवणात संपतो. एकट्याकडे तो चार दिवस मुक्काम करतो, आणि चारही दिवस तीच हरभऱ्याची डाळ घातलेली भाजी केली तर पाचव्या दिवशी माणूस चहा-पोळीवर येतो. म्हणून पहिल्या दिवशी दाण्याचं कूट आणि लिंबू घालून कच्ची पचडी, दुसऱ्या दिवशी भाजी, तिसऱ्या दिवशी बारीक चिरून भाजणीत मळून थालीपीठ, आणि चौथ्या दिवशी उरलेल्या देठाकडच्या भागाचं आलं-मिरी घातलेलं गरम सूप, त्यात अंडं फेटून सोडलेलं. एकट्याच्या घरी नावीन्य हा काटकसरीचाच भाग असतो. आठवड्याचं एकदम शिजवून गोठवून ठेवा, असा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. बारा तास बाहेर राबणाऱ्यांची त्यात सोय आहे हे खरं. पण रविवारचा रस्सा गुरुवारी जेवताना मला दर वेळी शिळ्या वर्तमानपत्राची आठवण होते.

मला हे शहाणपण नोकरीनं दिलं. १९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि नंतरच्या वर्षांत लहान लहान गावांतून शाखा निघाल्या. मी १९८४ साली बँकेत लागले, पुढे अधिकारी झाले, आणि बदल्यांच्या निमित्तानं बराचसा महाराष्ट्र एका खोलीतून पाहिला. एक खोली, एक वातीचा स्टोव्ह, दोन पातेली आणि तवा. गॅसची जोडणी गावोगावी हलवण्याची यातायात होती, म्हणून रॉकेल. पुरुष सहकारी खानावळ लावत. बाईमाणसानं रात्री खानावळीत जाऊन बसणं तेव्हाच्या त्या गावांना पचणारं नव्हतं. म्हणून शेजारणींकडून शिकत गेले.

सोलापूर जिल्ह्यात घरमालकीणबाईंनी भाकरी शिकवली, आणि त्याबरोबर एक पक्का धडा : एकट्या माणसानं ज्वारी किलोभरच दळून आणायची. पीठ जुनं झालं की त्याचा चिकटपणा जातो आणि थापताना भाकरीला चिरा पडतात. गिरणीवाला एवढंसं दळण पाहून कुरकुर करतो, ती ऐकून घ्यायची. खानदेशात भरताची वांगी पाहिली, हिरवट पांढरी आणि हातात न मावणारी. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर ती भाजतात. काड्या आपल्याकडे नसतात, गॅसची आंच असते. पण एक मोठं वांगं म्हणजे एका माणसाचं रात्रीचं जेवण, हे निसर्गानंच मोजून दिलेलं माप आहे. रत्नागिरीकडे कुळथाची पिठी मिळाली. दोन चमचे पीठ, दीड वाटी पाणी, ठेचलेला लसूण, मिरची, दोन आमसुलं. दहा मिनिटांत होते आणि पावसाळ्याच्या रात्री तिच्या तोडीचं दुसरं काही नाही.

विदर्भातला गोळाभात मला सगळ्यांत जवळचा. हरभऱ्याच्या डाळीचा पाव वाटी भरडा घ्यायचा. त्यात तिखट, मीठ, हळद, हिंग आणि चमचाभर तेल घालून जेमतेम पाण्यात मळायचा आणि सुपारीएवढे गोळे वळायचे. अर्धी वाटी तांदूळ शिजत आला, वरचं पाणी आटत आलं, की हे गोळे त्यावर ठेवून झाकण घालायचं आणि मंद वाफेवर दहा-बारा मिनिटं विसरून जायचं. ताटात घेतल्यावर गोळे हातानं भातात फोडायचे, वरून हिंग-मोहरी आणि सुक्या मिरचीची चरचरीत फोडणी, आणि लिंबू. डाळ, भात, तोंडीलावणं, सगळं एका पातेल्यात. घासायलाही एकच भांडं, हे एकट्या माणसाला निराळं समजावून सांगायला नको.

पुढे ह्या शिक्षणाला खंड पडला. आई माझ्याकडे आली आणि नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिला तिखट चालत नव्हतं, मीठ बेताचं, सगळं मऊ. दोन चुली कोण मांडणार? तिच्याबरोबर मीही तेच जेवत होते आणि त्याचं काही वाटतही नव्हतं. २०१५ साली ती गेली. तेराव्यानंतर नातेवाईक पांगले, आणि त्या रात्री भाजीला किती तिखट घालायचं हे मला ठरवता येईना. डब्यातलं तिखट पांढुरकं पडलं होतं. मला काय आवडतं, ह्या प्रश्नाचं उत्तर पन्नाशी उलटलेल्या, चार कादंबऱ्यांत माणसांच्या आवडीनिवडी रंगवलेल्या बाईकडे नव्हतं. एकेक पदार्थ करून पाहूनच ते शोधावं लागलं. मेथीचा कडवटपणा मला आवडतो. तो आईला कधीच आवडला नव्हता. गोडाचं वेड मला नाही, घरात सगळे समजत होते की आहे.

तेव्हापासून एक वही आहे. तारीख, पदार्थ, माप आणि शेवटच्या रकान्यात शेरा : 'पुन्हा करावा', 'नको', 'मीठ निम्मं'. दिवस बुधवारचा. रविवारी आणलेली भाजी तोवर उतरणीला लागलेली असते आणि पोटही कंटाळलेलं असतं. नियम दोनच. एका वेळी एकच नवा पदार्थ, आणि घरात दही व मेतकूट असल्याखेरीज प्रयोग नाही. बँका राखीव निधी ठेवतात तो ह्याच कारणासाठी. दहीभात हाताशी असला की माणूस धीटपणे वागतो. गेल्या वर्षी मी ह्या धिटाईच्या जोरावर केरळी स्ट्यू केला, नारळाच्या दुधातला. शेरा : 'पुन्हा करावा. उरलेल्या अर्ध्या नारळाची सोय आधी पाहावी.'

भाचा पुण्यात वाकडला एकटा राहतो. मोबाइलवर बोट टेकलं की दारात जेवण, अशी त्याची दोन वर्षं गेली. आता रात्री नऊला फोन येतो.

"मावशी, वरणफळांना डाळ किती घेऊ?"

"मूठभर. कणीक किती आहे?"

"एका पोळीपुरती उरलीय."

"मग झालं की. लाट, शंकरपाळ्यांसारखी काप, आणि उकळत्या आमटीत एकेक सोड. सगळी एकदम टाकू नकोस, गोळा होईल."

तरुणांची मला काळजी नाही. भूक त्यांना शिकवते. काळजी माझ्या वयाच्या बायकांची आहे. ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. यजमान होते तोवर रोज दोन भाज्या आणि कोशिंबीर. ते गेल्यावर रात्री चहा आणि खारी. "हात उठत नाही," म्हणाल्या. वर्षभरात जिना चढताना कठड्याला धरायला लागल्या. वय झालं, असंच सगळे म्हणाले. पण वयाबरोबर ताटाकडेही पाहायला हवं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली प्रौढ माणसाला दिवसाला शरीराच्या दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात असं सांगितलं आहे. म्हणजे पंचावन्न किलोच्या बाईला सुमारे शेहेचाळीस ग्रॅम. पन्नास ग्रॅम कोरड्या डाळीत अकरा-बारा ग्रॅम असतात. चहा-खारीनं हे गणित कुठून जमायचं? उतारवयात स्नायू आपोआप झिजत असतात, त्यात ताट रिकामं ठेवलं की झीज दुप्पट जाणवते. नवऱ्यासाठी चाळीस वर्षं नेमानं जे हात उठले, त्यांना स्वतःच्या एका पानासाठी उठणं जड जातं, कारण स्वतःचं पान हे कारण पुरेसं असतं असं त्यांना कुणी कधी सांगितलंच नाही. सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते आपलं, हेच त्यांनी लहानपणापासून पाहिलं.

त्यांना मी उपदेश केला नाही. शिक्षिकेला उपदेश करण्याइतकी मी धीट नाही. उकडीचं माप तेवढं एका कागदावर लिहून दिलं. अर्धी वाटी तांदळाचं पीठ, दीड वाटी आंबट ताक, हिरवी मिरची, कढीपत्ता, हिंगाची फोडणी. गुठळ्या मोडत ओतायचं, एक दणदणीत वाफ आणायची, वर कच्चं तेल. शेजारी एक उकडलेलं अंडं किंवा वाटीभर मुगाची उसळ असावी, असंही खाली लिहिलं.

परवा त्यांचा फोन आला. उकड झाली होती, पण त्यांच्या मते फोडणीत लसूण हवा, चार पाकळ्या, तांबूस होईपर्यंत परतून. आणि ताक दीड वाटी कमी पडतं, पावणेदोन घ्यावं. बराच वेळ बोलत होत्या. मी वही उघडून त्यांच्या नावानं दुरुस्ती लिहून घेतली.